आरंभाआधीच समाप्त जाहलेल्या पदवीदानाची हकीकत

॥ श्री ॥ विद्येची माता आणि नामाचा धनी, उभयतांचे चरणी मस्तक ठेवोन, आणि जे संतसज्जन आपला कामधंदा टाकोन ऐकावयास बसले त्यांस दंडवत घालोन लिहिले जाते ऐसे की, शालिवाहन शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, फाल्गुन शुद्ध पंचमी, ते दिवशी विद्येच्या एका राज्यात जो प्रकार घडला तो यथास्थित येणेप्रमाणे. राज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. ऐसी राज्ये बहुत आहेत आणि कारभार सर्वत्र एकच. या राज्यास तट नाही, तोफ नाही, घोडदळ नाही. वसतिगृहे, ग्रंथालय, परीक्षाभवन आणि उपाहारगृह ही चार ठाणी, आणि चहूं जिल्ह्यांतील महाविद्यालये ही मांडलिक. राज्याचे स्वामी कुलपती. ते समुद्रकाठी राजधानीत राहात, वर्षातून एकदा दर्शन देत, कधी तेही न देत आणि शुभेच्छा धाडीत. आणि स्वामींच्या नावे सर्व राज्य चालविणार ते कुलगुरू, सोपानराव उंडणगावकर, वृत्तीने सात्त्विक, देहाने सडपातळ, आणि पाच वर्षांच्या कारभाराने बहुत थकलेले.

येथे श्रोते पुसतील की कुलगुरू म्हणजे कोण? राजा म्हणावे तर राजा समुद्रकाठी. प्रधान म्हणावे तर प्रधानास मसलत पुसतात, आणि यांस मसलत कोणी पुसत नाही, जाब मात्र पुसतात. अधिसभेचे अध्यक्ष तेच, विद्वत्सभेचे अध्यक्ष तेच, व्यवस्थापन परिषदेचे अध्यक्षही तेच, आणि तिन्ही ठिकाणी अध्यक्षाने बोलणाऱ्यास बोलू द्यावे, भांडणाऱ्यास बसावे म्हणावे, आणि मग सर्वांचे जे ठरेल ते आपल्या सहीने करावे, आणि ते बिघडले तर आपल्या नावाने ऐकून घ्यावे, ऐसी वहिवाट. निकालास उशीर जाहला तर कुलगुरू, वसतिगृहात पाणी आले नाही तर कुलगुरू, उपाहारगृहाच्या सांबारात डाळ दिसेना तर घोषणा कुलगुरूंच्याच दाराशी. एके वर्षी ग्रंथालयाच्या सज्ज्यास आग्यामोहोळ लागले आणि विद्यार्थी पुस्तके टाकोन पळाले, तेव्हा तो विषय परिषदेपुढे गेला, आणि परिषद म्हणाली की मधमाशी हा शास्त्राचा विषय, म्हणोन विद्वत्सभेकडे धाडिला, आणि विद्वत्सभा म्हणाली की सज्जा हा इमारतीचा विषय, म्हणोन इमारत समितीकडे गेला, आणि समिती स्थळपाहणीचा मुहूर्त ठरवी तोवर माशा आपणहून उडोन गेल्या, आणि समितीने अहवालात लिहिले की उपाययोजना यशस्वी जाहली. सोपानरावांनी तो अहवाल वाचला, सही केली, आणि डोळे मिटोन क्षणभर बसले. ऐसी पाच वर्षे.

कायद्यात कुलगुरूंच्या हाती खरे शस्त्र एकच होते. त्याचे कलम ऐसे की, निकड पडली आणि मंडळ बोलावण्यास सवड नसली तर कुलगुरूंनी आपल्या मते योग्य दिसेल ते करावे, मागाहोन मंडळापुढे ठेवावे, आणि मंडळास न रुचल्यास दोष पदरी घ्यावा. सोपानरावांनी हे शस्त्र म्यानाबाहेर कधी काढिले नाही. भांडण नको, ही त्यांची प्रकृती. आणि आता कारकीर्द संपत आली असता त्यांच्या मनी इच्छा एकच उरली होती. राजधानीत जुन्या पोथ्यांची एक शाळा आहे. तिचे अध्यक्षपद रिकामे होते आणि स्वामींनी ते सोपानरावांस देऊ केले होते. तेथे मंडळ नाही, मतदान नाही, माणूसकाणूस फारसे येत नाही. दिवसभर संतांच्या पोथ्या लावाव्या आणि सांजचे समोरच्या देवळात कीर्तनास जाऊन खांबाला टेकोन बसावे. सोपानरावांस कीर्तनाचा नाद लहानपणचा. ते पद म्हणजे थकल्या गड्यास पाण्याकाठची सावली. अट इतकीच की कुलगुरूंनी निष्कलंक उतरावे, परिषदेने त्यांवर निषेधाचा ठराव केलेला नसावा. पदवीदान तेवढे राहिले होते, ते पार पडले की सुटलो, ऐसे ते मनाशी म्हणत.

मग पदवीदानाचा दिवस उजाडला. स्वामी आले नाहीत, शुभेच्छा आल्या, म्हणोन अध्यक्षस्थान कुलगुरूंकडेच आले. मैदानी थोरला मंडप घातला होता. फाल्गुनातले ऊन पत्र्यातून उतरत होते आणि पंखे गरम वारा वाटीत होते. मुलामुलींनी अंगी झगे चढविले, गळा उपरणी घेतली, आणि एकमेकांच्या पगड्या सरळ करीत बसली. मागे आईबाप, चुलते, मावश्या, तान्ही लेकरे, भाकरीची गाठोडी, पाण्याचे कॅन. त्यांत दुसऱ्या रांगेच्या कडेस कौसाबाई नरवाडे म्हणोन एक बाई पहाटेच्या जीपगाडीने आल्या होत्या. त्यांची लेक शारदा वनस्पतिशास्त्रात राज्यात पहिली आली होती, आणि दुसरे दिवशी सकाळी दूरच्या एका महाविद्यालयात शिकविण्याच्या नोकरीवर पदवी दाखवोन रुजू व्हावयाची होती. कौसाबाई शेजारणीस म्हणत होत्या, "आपल्याला त्यातलं काय कळतंय बाई, पण पोरीनं गवताला सुद्धा नावं ठेवल्यात, लॅटिनात."

मिरवणूक निघाली. पुढे कुलसचिव रंगनाथपंत खळदकर चांदीचा दंड घेऊन, मागे अधिष्ठाते, त्यामागे परिषदेचे मानकरी, सर्वांमागे पाहुणे आणि कुलगुरू. येथे शिरस्ता असा आहे की, कुलगुरूंनी उभे राहोन समारंभास आरंभ जाहल्याचे जाहीर करावे आणि अखेरीस समाप्त जाहल्याचे जाहीर करावे. मधे जे होईल ते या दोन वाक्यांच्या बळावर खरे, एरवी नुसती गर्दी. दोन्ही वाक्ये दोन कार्डांवर लिहिलेली असत. पंतांनी पहिले कार्ड कुलगुरूंच्या हाती दिले. त्यावर मोठ्या अक्षरांत आरंभाचेच वाक्य होते. सोपानरावांनी कार्ड घेतले, पण पाहिले नाही. त्या महिन्यात त्यांनी इतक्या सभा चालविल्या होत्या आणि प्रत्येकीच्या शेवटी जे वाक्य उच्चारले की माणसे उठतात आणि आपणांस घरी जाता येते, ते एकच वाक्य त्यांच्या जिभेस गोड लागत असे. ते ध्वनिक्षेपकापुढे उभे राहिले, घसा साफ केला, आणि जीभ आपल्या सवयीने चालली. "हा दीक्षान्त समारंभ समाप्त झाला, असे मी जाहीर करतो."

बँडवाल्यांस हुकूम इतकाच होता की समाप्त ऐसा शब्द कानी पडताच राष्ट्रगीत धरावे, आणि बँडवाले मोठे आज्ञाधारक. त्यांनी धरिले. सर्व मंडप उभा राहिला. राष्ट्रगीत चालू असता हलता येत नाही, म्हणोन ज्याला त्याला आपापल्या जागी ताठ उभे राहोन घाबरावे लागले. सोपानरावही उभे होते, नजर समोर, आणि एकेका ओळीगणिक काय बोलोन बसलो ते त्यांच्या ध्यानी येत होते आणि घाम कानामागून उतरत होता. राष्ट्रगीत संपले. पाहुणे मोठे न्यायाधीश, नियमाचे पक्के. त्यांनी भाषणाचे कागद खिशात घातले, कुलगुरूंचा हात हाती घेऊन "आटोपशीर झाला हो कार्यक्रम, असाच असावा," म्हणाले, आणि गाडीत बसोन गेलेसुद्धा. मानकऱ्यांची मिरवणूक शिरस्त्याप्रमाणे वळली आणि जशी आली तशी मंचामागे गेली. मंडपात मात्र कोणी बसावे की उठावे कळेना. कौसाबाई वाटेत कुलसचिवांचा झगाच धरोन म्हणाल्या, "अवं साहेब, आमची पोर पास का नापास?" पंत म्हणाले, "पास आहे बाई, पास आहे." "मग कागद?" पंत झगा सोडवोन घेत म्हणाले, "बसा. पाणी प्या."

मंचामागील खोलीत सोपानराव खुर्चीत बसले होते, पगडी मांडीवर. पंत म्हणाले, "सर, नियम सांगू?" सोपानराव म्हणाले, "सांगा. आज तुम्ही नाही सांगितलात तर उद्या वर्तमानपत्र सांगेल." मग पंतांनी सांगितले ते ऐसे. एकदा समाप्त जाहीर जाहल्यावर पुन्हा समारंभ भरविणे तर स्वामींची आज्ञा हवी आणि महिन्याची पूर्वसूचना हवी. आज पदव्या वाटल्या तर त्या वाटल्याच नाहीत. मात्र दोन वाटा आहेत. अध्यक्षांच्या तोंडी शब्द दुसऱ्या कोणाच्या चुकीने आला असेल तर तो उच्चारलाच नाही ऐसे समजावे, आणि मग पहिले वाक्य वाचोन समारंभ पुढे चालवावा. नाहीतर दुसरी वाट, ते निकडीचे कलम. इतके बोलोन पंत थांबले आणि भिंतीकडे पाहू लागले, कारण पहिल्या वाटेवर कोण आडवा पडणार ते त्यांस बोलताबोलताच कळले होते.

इतक्यात फत्तेसिंगराव बाबर आत आले. हे परिषदेतले थोर मानकरी, मते त्यांच्या मुठीत, आवाज मोठा, सोने बोटांत, मन मात्र अगदीच दुष्ट नव्हे. कामे करवोन घ्यावी आणि उपकार लक्षात ठेवावे हा त्यांचा धर्म. ते खुर्ची ओढोन म्हणाले, "काय सर, सुतक लागल्यासारखे बसलात? बाहेर पोरं फोटो काढायला लागलीत, रडायला लागली नाहीत अजून. तोवर आटपून टाकू." सोपानराव म्हणाले, "कसं आटपायचं, फत्तेसिंगराव?" ते म्हणाले, "सोप्पं आहे. कार्ड कुणी दिलं? पंतांनी. उलटं दिलं. तुम्ही दिलं ते वाचलं. दोन ओळींचं निवेदन करा, वाक्य पुन्हा म्हणा, पदव्या वाटा, पोरं घरी, आईबाप घरी, आणि तुम्ही तुमच्या पोथ्यांत." मग फत्तेसिंगराव पंतांकडे वळोन म्हणाले, "पंत, राग नका मानू. चौकशी लागेल, ताशेरा बसेल. पावसाळ्यानंतर तुम्ही तसेही निवृत्तच होताय. घरात बसून ताशेरा काय टोचतोय?" मग कुलगुरूंकडे वळोन, आवाज उतरवोन, म्हणाले, "आणि निकडीचं कलम लावायचं मनात असेल, तर मग आमचा इलाज नाही. परिषदेला न विचारता समारंभ भरवला म्हणून आमची माणसं ठराव आणणार, मी अडवू शकणार नाही. मग पोथीशाळेचं तुम्ही बघा."

पंत जन्मभर दुसऱ्याचे वाक्य नीट लिहोन देत आलेले गृहस्थ. ते उपरण्याची घडी सरळ करीत म्हणाले, "सर, मुलांचं काम आजच होत असेल, तर माझी हरकत नाही. मी म्हणेन, कार्ड उलटं गेलं." ते इतक्या साधेपणी म्हणाले की सोपानरावांस उठोन बसल्यासारखे जाहले. कारण ती वाट खरेच सोपी होती. मुलांस पदवी त्याच घटकेस, आपणांस सावली, आणि बोजा एका माणसावर, तोही आपणहोन वाकलेला. आणि सोपानराव थकले होते. थकल्या माणसास वाईट वाट वाईट दिसत नाही, जवळची दिसते.

तेव्हा त्यांस आपले मामा आठवले. मामा उंडणगावी कीर्तन करीत, आणि सोपानराव विशीच्या उमरीचे असता त्यांमागे टाळ घेऊन उभे राहात आणि धृपद धरीत. एका सप्त्यात मामांनी पूर्वरंग थाटात केला, उत्तररंगी आख्यान लाविले, देव भक्ताच्या दारी येऊन उभा राहिला, आणि तेथेच मामांची वाणी खुंटली. पुढे काय ते आठवेना. मंडळी पाहात राहिली. तेव्हा मागून टाळकऱ्यांनी धृपद उचलले, चढत्या लयीत, जणू मामांनी तेथेच थांबावयाचे योजिले होते, आणि सर्व सभा त्यांसवे गाऊ लागली, आणि देव दारी उभाच, आणि गाताना मामांस धागा सापडला. कोणाच्या ध्यानी आले नाही. परंतु आरतीपूर्वी मामा बुक्क्याचे ताट खाली ठेवोन सभेस म्हणाले, "मायबापहो, मी विसरलो होतो. मागच्यांनी मला उभं ठेवलं. त्यांना आधी बुक्का लावा." लोक हसले, आणि कित्येकांच्या डोळ्यांस पाणी आले. सोपानराव खुर्चीत बसोन विचार करीत की मामा न सांगते तर चालले नसते काय? चालले असते. परंतु मग दुसरे दिवशी मामांमागे टाळ धरोन उभे कोणी राहिले असते? पुढे उभा राहणार तो चुकणार, हे मागच्यांस ठाऊक असते. चुकल्यावर तो मागे बोट दाखविणार नाही, इतक्याच भरवशावर ते मागे उभे असतात.

मग सोपानराव उठले आणि पगडी डोईस घातली. म्हणाले, "पंत, कार्ड बरोबर होतं. मी पाहिलं नाही. जीभ थकली होती." पंत म्हणाले, "सर, पण पोथीशाळा..." सोपानराव म्हणाले, "पोथ्यांना घाई नाही. बाहेरच्यांना आहे." आणि फत्तेसिंगरावांस म्हणाले, "ठराव आणा, फत्तेसिंगराव. अध्यक्षस्थानी मीच असेन, तुम्हांला बोलायला भरपूर वेळ देईन." फत्तेसिंगराव खुर्ची मागे सारोन उठले, म्हणाले, "सर, तुम्ही असला हट्टीपणा पाच वर्षांपूर्वी केला असतात ना, तर तुमचं-माझं जमलं असतं," आणि गेले.

मग निकडीचा हुकूम लिहोन त्यावर सही जाहली, आणि कुलगुरू पुन्हा मंचावर आले. पाहुणा नव्हता, मिरवणूक नव्हती, बँडवाल्यांपैकी अर्धे चहास गेले होते. सोपानराव ध्वनिक्षेपकापुढे उभे राहोन म्हणाले, "मघाशी जे मी बोललो ते चुकून बोललो. चूक माझी. कुणाच्याही कागदाची नाही. तुम्हांला उन्हात ताटकळावं लागलं, माफ करा." मंडपात कुजबूज जाहली, मग कोणीतरी टाळी वाजविली, मग सर्वांनी. आणि त्यांनी कार्ड डोळ्यांपुढे धरोन, अक्षर अक्षर वाचोन, समारंभास आरंभ जाहल्याचे जाहीर केले, आणि पदव्या वाटू लागले. शारदा नरवाडे आली तेव्हा मागून कौसाबाईंनी "गं बाई माझे!" ऐसा हाकारा केला की ध्वनिक्षेपकही शिटी वाजवोन गेला. एकेकाच्या हाती पदवी देताना कुलगुरूंचा हात दुखो लागला, तरी ते प्रत्येकाचे नाव मोठ्याने उच्चारीत गेले, आणि बहुत वर्षांनी त्यांस वाटले की आपण हुद्दा घेतला तो यासाठीच असावा, मधल्या काळात विसर पडला होता.

शेवटचा विद्यार्थी उतरला. पंतांनी दुसरे कार्ड दिले. सोपानरावांनी वाचले, "हा दीक्षान्त समारंभ समाप्त झाला, असे मी जाहीर करतो." कोणी हालेना. बँडवालेही कुलसचिवांच्या तोंडाकडे पाहात राहिले, कारण एकदा फसले होते. तेव्हा कौसाबाई उभ्या राहोन, पदर खोचोन, म्हणाल्या, "साहेब, आता हे खरं का?" सोपानराव हसले. म्हणाले, "आता खरं, बाई. उठा, गाडी चुकेल तुमची." तेव्हा मंडप उठला.

पुढे चैत्रात परिषद भरली. कुलगुरूंनी निकडीचे कलम परिषदेस डावलोन वापरिले, समारंभाची शोभा घालविली, सबब निषेध, ऐसा ठराव फत्तेसिंगरावांच्या मंडळीने आणिला, आणि अध्यक्षस्थानी कुलगुरू असल्याने तो मांडू देणे, त्यावर बोलू देणे आणि मतास टाकणे हे त्यांसच करावे लागले. त्यांनी कोणास अडविले नाही. पंत सचिव म्हणोन कार्यवृत्त लिहीत होते. ते मधेच उभे राहिले आणि म्हणाले, "अध्यक्ष महाराज, मला काही सांगायचं आहे." सोपानराव म्हणाले, "पंत, सचिवांना या सभेत बोलायचा हक्क नाही. बसा." पंत बसले. मते घेतली. ठरावाच्या बाजूने हात वर जाहले, आणि दोन हात वर होता होता अडखळले; ते शारदा जेथे शिकली त्या महाविद्यालयाचे प्राचार्य आणि एक वृद्ध अधिष्ठाते होते. त्या दोघांनी मत विरुद्ध दिले असते तर फत्तेसिंगरावांचे मंडळ पुढे त्यांस सुखाने राहू न देते, हे सोपानरावांस ठाऊक होते. त्यांनी त्या दोघांकडे पाहिले, आणि सावकाश आपला हात वर केला. तेव्हा त्या दोघांनीही केला, आणि फत्तेसिंगराव मान खाली घालोन अंगठी फिरवीत बसले. पंतांची लेखणी चालेना. सोपानराव त्यांकडे वळोन, कीर्तनात मागच्यास खूण करावी तसे, हळूच म्हणाले, "लिहा, पंत. एकमताने."

पोथीशाळेचे पद दुसऱ्यास गेले. सोपानराव उंडणगावी राहावयास गेले, आणि राज्यात नवे कुलगुरू आले, तेही काही वर्षांनी थकतील.

एवंच, विद्येच्या राज्याचा मुख्य कारभारी तो पुढे दिसतो म्हणोन थोर नव्हे; सर्वांच्या चुका एका नावावर याव्या म्हणोन ते नाव नेमिलेले असते, आणि जो ते मनापासोन पेलतो त्यास मानचिन्ह मिळत नाही, विसावाही मिळेल ऐसा नेम नाही, मात्र मागचे लोक दुसरे दिवशी पुन्हा टाळ घेऊन उभे राहतात. ऐकणारांस आणि लिहिणारास नामाचा आधार असो. हकीकत पुरी जाहली.